आजोबांची जीप आणि तिचे ब्रेक : बेळगावकडच्या घाटांनी शिकवलेली विद्या



वाडे, शाळा, नाटकमंडळ्या, गणेशोत्सव यांवर आपण सगळ्यांनीच पुष्कळ लिहिलंय. आजचा विषय जरा तेलकट आहे. जुन्या जीपचे ब्रेक.

कारण असं की, बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यात गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली झोपलेल्या आजोबांच्या जीपा आता नातवंडं पुन्हा रस्त्यावर काढायला लागली आहेत. बघून बरं वाटतं. पण त्यातला जवळपास प्रत्येकजण एकच तक्रार सांगतो, "गाडी झकास आहे हो, पण ब्रेकच लागत नाहीत." आणि लगेच पुढचं वाक्य येतं, "डिस्क बसवून टाकू." या दोन वाक्यांच्या मधे खरं तर बराच इतिहास आहे. तो वगळून डिस्क बसवली तर पैसे जातात, ब्रेक तसेच राहतात, आणि मग एखाद्या पावसाळ्यात घरची माणसं घेऊन आपण आंबोली उतरायला लागतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी जीप आपल्याकडे आली कशी ते बघू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. युद्ध संपल्यावर उरलेल्या गाड्या जगभर विकल्या गेल्या, त्यात हिंदुस्थानही होता. इकडे १९४५ साली सुरू झालेल्या महिंद्र अँड मोहम्मद कंपनीचं नाव १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र झालं, आणि मुंबईत विलीज जीपांची जुळणी सुरू झाली. पुढे उंच बॉनेटची ‘सीजे-थ्री-बी’ आली. तिकडे अमेरिकेत ती १९५३ ते १९६८ एवढीच टिकली, आपल्याकडे मात्र तिचीच मुलं-नातवंडं कितीतरी दशकं बनत राहिली. त्या काळातल्या कित्येक जीपांचं स्टिअरिंग डावीकडे असे, आणि मागे ठळक अक्षरात ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ रंगवलेलं असे. ते आपल्यातल्या साठीच्या पुढच्या सगळ्यांना आठवत असेल.

बेळगाव हे लष्कराचं गाव. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथलं. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या कारवाईसाठी फौजा जमल्या त्या बेळगावच्या आसपासच, आणि आपल्या वडीलधाऱ्यांनी त्या दिवसांत रस्त्याने जाणाऱ्या लष्करी गाड्यांच्या रांगा पाहिल्या. फौजेच्या गावात गाड्या म्हटल्या की लिलाव आले, लिलाव आले की मिस्त्री आले. शेतकी खातं, बांधकाम खातं, साखर कारखाने, लाकडाचे व्यापारी, डॉक्टर, सगळ्यांकडे जीपच. पुढे उद्यमबागेत फाउंड्र्या आणि हायड्रॉलिकचे कारखाने उभे राहिले. त्यामुळे ओतीव लोखंडाचा ड्रम कसा असतो, तेलाचा दाब म्हणजे काय, रबरी सील का गळतं, या गोष्टी आमच्याकडे पुस्तकात नव्हत्या, चहाच्या टपरीवर होत्या.

आता मूळ ब्रेककडे वळू. जीपला तेलाचे, म्हणजे हायड्रॉलिक ब्रेक पहिल्यापासूनच होते. चारही चाकांना असे ब्रेक असलेली ड्यूझेनबर्ग ही अमेरिकन मोटार १९२१ मध्ये आली होती. त्या काळातलं ब्रेकचं तेल म्हणजे चक्क एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण. आपण पोराबाळांना पाजायचो तेच एरंडेल! जीपला मात्र साधाच संच दिला होता. चार चाकांत नऊ इंची ड्रम, प्रत्येकात दोन शू, पायाखाली चॅसिसला एक मास्टर सिलिंडर, आणि तिथून चारही चाकांना जाणारी एकच नळी. ना बूस्टर, ना दुहेरी लाइन. हँडब्रेक चाकांवर नव्हताच. तो गिअरपेटीच्या मागे, मागच्या शाफ्टला धरणारा वेगळा छोटा ड्रम होता.

हे वाचून आजचा मुलगा म्हणेल, "मग कमकुवतच की!" पण गाडी काय होती ते बघा. रिकामं वजन सुमारे अकराशे किलो, अंगावर ६.००-१६ मापाची बारीक टायरं, आणि पळायची ती चाळीस-पन्नासच्या वेगाने. त्या कामाला ते ब्रेक पुरेसे होते.

बदललो आपण. पेट्रोल परवडेना म्हणून जड डिझेल इंजिन बसवलं. मागची बॉडी लांब केली, वर लोखंडी टप आला. वडापच्या काळात तर बारा-पंधरा माणसं आत, आणि वर पोती, कोंबड्या, सायकल. नंतर हौसेची पिढी आली, तिने रुंद आणि उंच टायरं घातली. मूळ टायर अठ्ठावीस-एकोणतीस इंचांचं, त्याजागी एकतीस इंची टायर आलं की ड्रम तेवढंच जोर लावत असूनही रस्त्यावर पोचणारा जोर सात ते दहा टक्क्यांनी कमी होतो. लांब दांड्याच्या पहारीसारखाच हा हिशेब आहे, फक्त इथे दांडा आपल्या विरुद्ध बाजूने धरलेला. आणि वेग चाळीसचा ऐंशी केला की थांबवायची शक्ती दुप्पट लागत नाही, चौपट लागते. एवढं सगळं वाढवलं, आणि ड्रम राहिले तेच नऊ इंचांचे.

आता घाट. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याने आंबोलीहून दाणोलीला उतरलं की पाच-सहाशे मीटर उंची आपण थोड्याच किलोमीटरमध्ये सोडतो. माणसांसकट दीड टनाची जीप नुसत्या ब्रेकवर उतरवली तर त्या चार ड्रममध्ये जेवढी उष्णता तयार होते, तेवढीत वीस-पंचवीस लिटर पाणी उकळेल. म्हणजे आपल्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब! तो सगळा विस्तव चार लोखंडी डब्यांत. तापलेला ड्रम फुगतो, शूपासून लांब जातो, पेडल खाली जातं. लायनिंग तापून गुळगुळीत होतं, पकड जाते. याला ब्रेक फेड होणं म्हणतात. इंदूरकडच्या मंडळींना गणपती घाटाबद्दल वेगळं सांगायला नको. उतारावर ब्रेक गेलेल्या ट्रकांच्या बातम्या तिथून वर्षानुवर्षं येत असत.

आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. ऐंशीच्या दशकात काकांच्या जीपमधून आम्ही नऊ-दहा जण श्रावणात सावंतवाडीला चाललो होतो. अर्धा घाट उतरल्यावर पेडल पायाखाली जे गेलं ते वर आलंच नाही. काका घाबरले नाहीत, की घाबरलेले दाखवलं नाही, देव जाणे. गाडी सुदैवाने दुसऱ्या गिअरमध्ये होती. त्यांनी ती तशीच ठेवली, डोंगराच्या बाजूची चाकं गटाराच्या कडेला घासत नेली आणि वेग पडल्यावर हँडब्रेक ओढला. आत्या मागे रामरक्षा म्हणत होत्या. गाडी थांबल्यावर पाच मिनिटं कुणीही खाली उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी चाक उघडलं. मागच्या डाव्या चाकातला व्हील सिलिंडर गळत होता. एक छोटं रबरी कप, काही रुपयांचं. पण लाइन एकच, त्यामुळे एका चाकातून तेल गेलं की चारही चाकांचे ब्रेक जातात. ड्रायव्हर गेले दोन महिने दर आठवड्याला मास्टरमध्ये तेल भरत होता. ते ऐकल्यावर मिस्त्री म्हणाले ते आजही आमच्या घरात म्हणीसारखं वापरलं जातं, "पेडल काय तरी सांगायलंय, ते ऐका की वो! तेल वतून त्याचं तोंड कशाला बंद करतासा?"

त्या पिढीच्या मिस्त्रींकडे यंत्रं नव्हती. पाय, कान, नाक आणि हाताचा पंजा एवढ्यावर निदान व्हायचं. त्यांची पद्धत मी जशी पाहिली तशी लिहून ठेवतो, कारण ती माणसं आता एकेक करून जात आहेत.

पेडल खूप खाली जाऊन धरतं, पण दोन-तीनदा भराभर मारलं की वर येतं? मग शू आणि ड्रममधलं अंतर वाढलंय. जुन्या जीपमध्ये हे आपोआप जुळत नाही. प्रत्येक शूला फिरवायची सोय असते. चाक उचलायचं, शू घासेपर्यंत फिरवायचं, मग मोकळं फिरेल इतपत मागे घ्यायचं. निम्म्या ‘कमकुवत’ ब्रेकांचं दुखणं इथेच संपतं.

पेडल स्पंजासारखं दबतं? लाइनीत हवा आहे. मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून एकेका चाकाची हवा काढायची.

पाय दाबून ठेवला की पेडल हळूहळू बुडत जातं? आधी चाकांच्या आतल्या बाजू आणि नळ्या बघायच्या. बाहेर कुठे थेंब नसेल तर मास्टर सिलिंडरच्या आतलं कप तेलाला मागे वाट देतंय.

ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते? ज्या बाजूला ओढते ती बाजू बहुतेक वेळा चांगली असते, दुखणं दुसऱ्या बाजूला. तिकडचा सिलिंडर अडकलेला असतो, नाहीतर लायनिंगवर तेल-ग्रीस आलेलं असतं. जीपच्या पुढच्या चाकाच्या गोळ्यातलं सील गेलं की ग्रीस ड्रममध्ये येतं, मागच्या ॲक्सलचं सील गेलं की गिअर ऑइल येतं. तेल प्यालेलं लायनिंग पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवणारे खूप आहेत. तसं करू नये, बदलून टाकावं.

पेडल दगडासारखं कडक, तरी गाडी थांबत नाही? हे सगळ्यात फसवं, आणि इथेच लोक डिस्ककडे धावतात. ड्रम लेथवर मारून मारून मोठा झालेला असतो आणि शूचा बाक जुन्याच मापाचा असतो. मग शू मधोमध चार बोटंच टेकतो, बाकी लायनिंग नुसतं शोभेला. मिस्त्री ड्रमच्या आतून खडू फिरवायचे, चाक बसवून ब्रेक लावायचे, पुन्हा उघडायचे. लायनिंगवर खडू कुठे उमटला ते बघितलं की कळलं! मग लायनिंग ड्रमच्या बाकाला घासून जुळवायचं. ड्रम फारच मोठा झाला असेल तर भंगारात. अजून एक गंमत म्हणजे, मूळ विलीज जीपमध्ये एका शूचं लायनिंग लांब आणि दुसऱ्याचं आखूड असतं. लांबवाला पुढच्या बाजूला येतो, कारण फिरणारा ड्रम त्याला आपल्याकडे ओढून घेतो आणि जास्त काम तोच करतो. घाईत हे शू उलटसुलट बसले की ब्रेक निम्मे वाटतात.

आणि सोडल्यावरही ब्रेक धरून राहतात, ड्रम हात लावता येत नाही इतके तापतात? तर पेडलला वरच्या बाजूला थोडी मोकळी चाल आहे का बघायचं, साधारण अर्धा इंच. ती नसेल तर मास्टरमधलं तेल परतायचं छिद्र झाकलेलं राहतं. नाहीतर रबरी होज आतून सुजलेला असतो. बाहेरून नवा दिसतो, आतून नळी बंद.

तेलाबद्दल दोन शब्द. आजचं डॉट-थ्री, डॉट-फोर तेल हवेतलं पाणी शोषतं. ताजं डॉट-थ्री किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १४० पर्यंत खाली येते. आमच्या आंबोली-चोर्ल्याच्या पावसात पाच-सहा वर्षं तेच तेल ठेवणारा माणूस घाटात लाइनीत वाफ करून घेतो, आणि वाफ दाबली जाते, तेलासारखी जोर पुढे देत नाही. म्हणून दोन वर्षांनी तेल बदलायचं. ब्रेकच्या रबराला इंजिन ऑइल, रॉकेल, पेट्रोल लावायचं नाही, कपं फुगतात. आणि जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, त्यामुळे ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा. आमच्या कितीतरी मिस्त्रींनी आयुष्यभर ती धूळ श्वासात घेतली.

एवढं सगळं नीट केल्यावर मग सुधारणा. तिथेही क्रम आहे.

पहिली सुधारणा, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची, म्हणजे दुहेरी मास्टर सिलिंडर. मिस्त्री त्याला टँडम म्हणतात. पुढच्या चाकांची लाइन वेगळी, मागच्यांची वेगळी. एक फुटली तरी दुसरी उरते. अमेरिकेत साठच्या दशकाच्या अखेरीस हे मोटारींना सक्तीचं झालं. याने ब्रेक ‘जोरात’ लागत नाहीत, पण काकांच्या जीपमध्ये हा असता तर त्या दिवशी पुढची दोन चाकं हातात राहिली असती. दिसत नाही म्हणून लोक यावर खर्च करत नाहीत.

दुसरी, व्हॅक्यूम बूस्टर. याने पायाला कष्ट कमी पडतात. पेट्रोल इंजिनला व्हॅक्यूम आपसूक मिळतो. डिझेलला मिळत नाही, त्याला वेगळा पंप लागतो, बहुतेक वेळा अल्टरनेटरच्या पाठीला असतो तो. पंपाशिवाय डिझेल जीपला बूस्टर बसवणं म्हणजे नळाशिवाय टाकी बसवणं. आणि इंजिन बंद करून उतरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, बंद इंजिनावर बूस्टर एक-दोनदाच साथ देतो, मग पेडल दगड होतं.

तिसरी, मोठे ड्रम किंवा पुढे डिस्क. डिस्कचं पेटंट इंग्लंडमध्ये लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच घेतलं होतं, पण जगाला ती पटली १९५३ साली, जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या गाड्यांवर ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली तेव्हा. डिस्क उघडी असते, लवकर गार होते, ओढ्यातून बाहेर आल्यावर दोन फेऱ्यांत कोरडी होते. चिखल-पाण्यातल्या जीपला हे वरदानच. पण डिस्कला ड्रमसारखी शू ओढून घ्यायची सवय नाही, तिला दाब जास्त लागतो, म्हणून ती बूस्टरशिवाय बसवली तर आधीच्यापेक्षा कडक पेडल मिळतं. ड्रमच्या लाइनीत थोडा दाब धरून ठेवणारी झडप असते. ती डिस्कच्या लाइनीत राहिली तर डिस्क सतत घासत राहते. मास्टरचं माप बदलावं लागतं. आणि पुढचे-मागचे ब्रेक एकमेकांना जुळवावे लागतात. मागची चाकं आधी बांधली गेली तर ओल्या रस्त्यावर आखूड जीप भिंगरीसारखी फिरते.

बदल केल्यावर पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, हळू वेगात. घाटात मुळीच नाही. आणि मूळ रचना बदलणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. आधी परिवहन कार्यालयात विचारा, नाहीतर पुनर्नोंदणीच्या वेळी आणि विम्याच्या वेळी पंचाईत होते.

हे सगळं करूनही एक गोष्ट कुठल्याच दुकानात मिळत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम. इंजिनाने गाडी धरली की बंबातला निम्म्याहून जास्त विस्तव ड्रममध्ये येतच नाही. काका एरवी विसराळू होते, पण हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. म्हणून आम्ही दहा जण आज आहोत, आणि आमची मुलंबाळंही.

चतुर्थी जवळ येतेय. कोकणात, गोव्यात गाड्या उतरतील. ज्यांच्या दारात जुनी जीप आहे त्यांनी निघायच्या आधी तीन मिनिटं काढा. गाडी उभी असताना पेडल जोरात दाबून तोंडाने साठ आकडे मोजा. पेडल बुडतंय का बघा. मग खाली वाकून चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का बघा. मास्टरमधलं तेल कमी झालं असेल तर ते कुठे गेलं हे कळल्याशिवाय भरून पुढे जाऊ नका.

आणि तुमच्या गावातल्या अशा मिस्त्रींच्या आठवणी, त्यांचे शब्द, त्यांच्या युक्त्या असतील तर जरूर लिहा. ग्वाल्हेर-इंदूरकडे जबलपूरच्या जोंगा गाड्या पुष्कळ असणार, त्यांच्या ब्रेकचं काय दुखणं होतं ते तिकडच्या मंडळींनी सांगावं. इथल्या गॅरेजवाल्यांना मी ते वाचून दाखवीन.